टोरिएलच्या घरी काय चाललंय, ऐकलंत का?

अहो वहिनी, ऐकलंत का? टोरिएल आणि अ‍ॅसगोर वेगळे राहतात! आता तुम्ही म्हणाल, त्यात नवीन काय, अंडरटेल गेममध्येही वेगळेच होते की. होते, पण तिथे तो राजा होता, ही राणी होती, आणि कारणही तसंच मोठं होतं. माणसांच्या पोरांचा जीव घ्यायला निघालेल्या नवऱ्याजवळ कुठली बाई नांदेल? त्यानंतरच्या डेल्टारून गेममध्ये मात्र सगळं अगदी तुमच्या-आमच्यासारखं. एकाच गावात दोन बिऱ्हाडं. ती शाळेत मास्तरीण, स्वतः गाडी चालवते, घर कसं लख्ख ठेवलंय. आणि तो फुलांचं दुकान टाकून बसलाय. पूर्वी गावचा पोलीसप्रमुख होता म्हणे! मग नोकरी सुटली कशी, हे कुणी धड सांगेल तर शपथ. विषय निघाला की जो तो दुसरीकडे बघायला लागतो.

आणि त्यांचं पोर भेटायला गेलं ना, की हा एवढा धिप्पाड गडी त्याला मिठी मारून उचलूनच घेतो. मग हळूच फुलांचा गुच्छ पुढे करतो, आईला दे म्हणून. मला तर बाई बघवेना. आमच्या धाकटीच्या मागे उभी राहून मी म्हटलं, अगं, नको नेऊस ती फुलं, तिला नको असतील. ती म्हणाली, आई, हा गेम आहे. गेम आहे हे मला दिसतंय हो. पण त्या माणसाचा चेहराही दिसतोय ना!

तर काय सांगत होते... हं, डेल्टारून. हा अंडरटेलचा सिक्वेल आहे की नाही, यावरच किती चर्चा! म्हणजे बघा, अंडरटेल आलं २०१५ च्या सप्टेंबरात. टोबी फॉक्स नावाच्या पोराने जवळजवळ एकट्याने केलं, चित्रांना मैत्रीण टेमी चँग. त्याआधी २०१३ मध्ये लोकांकडे पैसे मागितले होते, मागितले फक्त ५,००० डॉलर आणि लोकांनी दिले ५१,००० च्या वर. मग गेम असा काही चालला की काय विचारता. त्यातलं ते मेगालोव्हेनिया गाणं तर पार व्हॅटिकनपर्यंत पोचलं, २०२२ च्या जानेवारीत पोपसमोर सर्कसवाल्यांनी त्याच गाण्यावर कसरती केल्या. पोप काय समजले असतील कोण जाणे, पण बसले होते शांतपणे.

आता एवढं नाव झाल्यावर दुसरा कुणी असता तर काय केलं असतं? पहिल्या गेमच्याच पोराची पुढची गोष्ट, मोठे राक्षस, मोठी तलवार, झालं. पण हा टोबी! ३१ ऑक्टोबर २०१८ ला काही वाजतगाजत नाही, एक सर्वेक्षणाचा प्रोग्रॅम आहे म्हणून फाइल ठेवून दिली. फुकट. वर सांगितलं काय, तर ज्यांनी अंडरटेल पूर्ण केलंय त्यांच्यासाठी आहे, आणि २४ तास कुणी कुणाला काही सांगू नका. वहिनी, २४ तास! मला आपला चहा गार व्हायच्या आत सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोरांनी उघडून बघितलं तर आतून निघाला अख्खा गेम, निदान त्याचा पहिला चॅप्टर. त्याच अंडरटेलच्या इंग्रजी अक्षरांची अदलाबदल करून नाव ठेवलंय, त्याच ओळखीच्या मंडळींचे चेहरे, पण कुणीच आपल्याला ओळखत नाही.

तेच तर! हीच खरी गंमत. टोबीने मागाहून स्पष्ट सांगितलं, हे जग वेगळं, अंडरटेलचा तुम्ही जो शेवट केलात तो तसाच सुखरूप आहे, त्याला इथे धक्का लागत नाही. म्हणजे ही पुढची गोष्ट नव्हे आणि मागचीही नव्हे. तीच माणसं, दुसरा जन्म. त्या हाडांच्या भावांपैकी सॅन्स आठवतो ना? आळशी, विनोदी? तो इथे किराणा दुकानात. आल्या आल्या पोराला सांगतो, तुझ्या आईशी माझी कालच ओळख झाली. कालच! आणि चौथ्या चॅप्टरच्या शेवटी बघावं तर रात्री उशिरा हा टोरिएलच्या घरात, दोघांचं हसणं-खिदळणं चाललंय. मी काही म्हणत नाही हं. बाई एकटी आहे, मुलगा शिकायला बाहेरगावी, कुणी चार विनोद सांगणारा आला तर आला. पण तिकडे तो फुलंवाला...

असो. भाऊ पॅपायरस मात्र घराबाहेरच येत नाही. चार चॅप्टर झाले, दार बंद ते बंद. काय झालंय त्या पोराला? आणि तो म्हातारा कासव गर्सन, पहिल्या गेममध्ये दुकानात बसून गप्पा मारायचा बघा, तो इथे वारलाय. मोठा लेखक होता म्हणे, मास्तर होता, मुलगा चर्चमध्ये पाद्री. म्हणजे ज्याला तिकडे हसत-खेळत बघितलं त्याची इथे आठवणच तेवढी उरलेली. पहिला गेम न खेळणाऱ्याला हे नुसतं एक नाव. खेळलेल्याचा चेहरा मात्र पडतोच. आमच्या धाकटीचा पडला. मी विचारलं, काय गं? तर म्हणे काही नाही.

पण चेहरा पडायचा तर पहिल्या पाच मिनिटांत, ते ऐका आधी. गेम सुरू होतो तो अंधारात. कुणीतरी विचारतं, चला, तुमचं पात्र तयार करू. डोकं निवडा, धड निवडा, पाय निवडा. मग आवडीचं खाणं कोणतं, रंग कोणता, रक्तगट कोणता आवडतो! रक्तगट कधी आवडता असतो का हो? आमची धाकटी अशी मन लावून बसली होती, दहा वेळा केस बदलले, शेवटी लाडाने नाव दिलं. आणि सगळं मनासारखं झाल्यावर तो आवाज काय सांगतो, तर हे सगळं आता टाकून देण्यात येईल, या जगात आपण कोण व्हायचं हे कुणाच्या हातात नसतं. टाकलंसुद्धा! लगेच उजाडलं, टोरिएल दारात उभी, ऊठ, शाळेला उशीर होतोय. आणि पलंगावर कोण, तर क्रिस.

हे क्रिस म्हणजे गावातलं एकुलतं एक माणसाचं पोर. मुलगा की मुलगी, गेम काही सांगत नाही, मी आपली पोर म्हणते. टोरिएलने दत्तक घेतलंय. तिचा सख्खा मुलगा अ‍ॅझ्रिएल कॉलेजला गेलाय, पण त्यांची खोली बघितलीत का? एकाच खोलीत दोन पलंग. अ‍ॅझ्रिएलच्या बाजूला चषक, वस्तू, सगळं भरगच्च. क्रिसच्या बाजूला? काही नाही. एक जुना पक्ष्याचा पिंजरा तेवढा. ही अर्धी रिकामी खोली मला तरी अख्ख्या लढायांपेक्षा जास्त सांगून गेली. आणि हे सांगायला एक शब्द खर्च केलेला नाही, नुसती चौकोनी ठिपक्यांची चित्रं.

तर अंडरटेलमध्ये कसं होतं, सगळं आपल्या हातात. कुणाला मारायचं, कुणाला सोडायचं. आणि गेम विसरायचा नाही! टोरिएलला चुकून मारलंत आणि गुपचूप मागे जाऊन पुन्हा नीट खेळलात, तर ते फ्लाउई नावाचं चोंबडं फूल तोंडावर म्हणायचं, मला ठाऊक आहे तू काय केलंस ते. सगळ्यांना मारण्याचा रस्ता एकदा पूर्ण केला की पुढे कितीही शहाण्यासारखं वागा, गोड शेवटालाही डाग लागलेला. तिथे निवड हीच सगळी मजा होती. त्यावरच तर तो गेम गाजला.

आणि त्याच टोबीने पुढच्या वेळी काय केलं? दारातच सांगून टाकलं, तुमच्या निवडीने फरक पडत नाही. शेवट एकच असणार, असंही जाहीर बोलला. लोकांचे चेहरे कसे झाले असतील! ज्या गोष्टीसाठी डोक्यावर घेतलं तीच काढून घेतली म्हणजे... मी म्हणते हिंमत लागते हो. दुकान चालतंय म्हटल्यावर कोण आपल्याच गिऱ्हाइकाला असं सांगेल?

बरं, आता ते पाय प्रकरण, पाय म्हणजे भाजलेला गोड पदार्थ हो. पहिल्या चॅप्टरच्या शेवटी रात्री क्रिस उठतं, लडखडत चालतं, आणि छातीत हात घालून तो लाल आत्मा बाहेर ओढून काढतं. तोच लाल बदाम, ज्याच्या जोरावर आपण त्याला चालवतो! म्हणजे आपल्यालाच उपटून काढलं की! पिंजऱ्यात भिरकावून दिलं, हातात सुरी घेतली आणि आपल्याकडे बघून हसलं. मग काळोख. मंडळी तीन वर्षं झोपली नाहीत हो. सुरी कशाला? कुणाला मारलं? आईला? नुसत्या शंका! २०२१ च्या सप्टेंबरात दुसरा चॅप्टर आला, सकाळ झाली, टोरिएल कंबरेवर हात ठेवून विचारतेय, मी केलेला पाय सगळाच्या सगळा कुणी खाल्ला? सुरी पाय कापायला होती! मी इतकी हसले. धाकटी म्हणाली, हसू नकोस, पुढे बघ. आणि खरंच, पुढे ते हसण्यासारखं राहिलंच नाही.

कारण दुसऱ्या चॅप्टरच्या शेवटी पुन्हा तेच. स्वयंपाकघरात टोरिएल आणि ती सूझी मिळून पाय करतायत... सूझी कोण म्हणजे? अहो ती वर्गात खडू खाणारी! हो, खडू. क्रिसला पहिल्याच दिवशी शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला दाबून धमकावलं होतं तिने. आणि आता त्याच घरात ओट्याशी उभी. टोरिएलला तर कोण कौतुक, लेकराची कुणीतरी मैत्रीण घरी आली म्हणून. इकडे आपण हात धुवायला न्हाणीघरात, आणि क्रिसने काय केलं, आत्मा काढून बाजूला ठेवला, बाहेर जाऊन आईच्या गाडीचे टायर फाडले! स्वतःच्या आईच्या! ती बिचारी कुणी चोर आला म्हणून पोलिसांना फोन करते, सूझीला म्हणते आज इथेच झोप. आणि दोघी टीव्हीसमोर पेंगल्या की हे पोर दिवाणखान्यात सुरी रोवतं.

म्हणजे लक्षात आलं का वहिनी? ज्याच्या अंगात शिरून आपण खेळतोय त्यालाच आपण नको आहोत. त्याचं स्वतःचं काहीतरी चाललंय आणि ते आपल्याला कळू देत नाही. असं मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये ऐकलं नाही. एरवी हिरो म्हणजे कसा, आपण सांगू तिकडे जाणारा, रिकाम्या डोक्याचा.

लढायांचंही तसंच वेगळं. पहिल्यात एकटं पोर, इथे तिघं. क्रिस, सूझी आणि तो गोडबोल्या रालसेई. रालसेई सारखा म्हणणार, कुणाला मारू नका, समजावून सांगा. आणि सूझी पहिल्या चॅप्टरमध्ये कुणाचं ऐकतच नाही, आपण सांगायच्या आत कुऱ्हाड फिरवते! मग आपणच समोरच्या शत्रूला सावध करायचं, बाबा रे, ती येतेय, सांभाळ. समोरून गोळ्या येतात त्या चुकवायच्या हे जुनंच, पण आता गोळी अगदी चाटून गेली की गुण वाढतात आणि त्या गुणांवर जादू करता येते. म्हणजे भित्र्यासारखं कोपऱ्यात उभं राहून भागत नाही. आणि इथे बहुतेक कुणी मरत नाही बरं का. मारलंत तर पळून जातो. सोडून दिलंत तर दुसऱ्या चॅप्टरपासून तुमच्या गावात येऊन राहतो, काम करतो.

आणि या लढाया होतात ती अंधारी जगं कशाची बनलीत बघा. शाळेच्या बंद वर्गात पडलेले पत्ते आणि खेळणी, त्याचं एक राज्य. वाचनालयातल्या कॉम्प्युटरचं दुसरं. आणि तिसरं टोरिएलच्या दिवाणखान्यातल्या जुन्या टीव्हीचं! तो टीव्ही म्हणजे टेना, लांब टाय लावलेला सूत्रसंचालक, सारखा आरडाओरडा, बक्षिसं, प्रश्नमंजूषा. खरं सांगू, मध्ये मध्ये मला तो चॅप्टर लांबलेला वाटला, ते खेळावर खेळ नकोसे झाले. पण मग कळतं, बिचाऱ्याला भीती काय आहे ती. पूर्वी हे चौघं त्याच्यासमोर एकत्र बसायचे. नवरा गेला, थोरला गेला, आता कुणी लावतच नाही. उद्या भंगारात देतील. अहो, आमच्या माडीवर पोत्याखाली झाकलेला तो डबा टीव्ही आहे ना... मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्याच्यावरची धूळ पुसून आले. कुणाला बोलू नका.

हं, आता खरी गोष्ट, जरा जवळ या. नोएल माहीत आहे? महापौरबाईंची धाकटी, हरणाची शिंगं, अगदी मवाळ पोर. क्रिसबरोबर लहानपणापासून खेळलेली. बाप दवाखान्यात, थोरली बहीण डेस बेपत्ता, आणि आई म्हणजे बर्फाची लादी. पोरीचा जीव कुणावर असावा? सूझीवर! सूझी जवळ आली की हिची बोबडी वळते. बघवत नाही इतकं गोड आहे ते.

पण दुसऱ्या चॅप्टरमध्ये एक आडवाट आहे. पोरं तिला स्नोग्रेव्ह म्हणतात. मी म्हटलं ना, इथे तुम्हाला कुणाला मारता येत नाही? तुम्हाला नाही येत. नोएलला येतं. तिला बर्फाची जादू आहे. तुम्ही तिला म्हणत राहायचं, कर, पुढे हो, अजून एकाला. ती नको म्हणते, तुम्ही पुन्हा तेच. जादूची ताकद वाढवायला तिच्या बोटात अंगठी घालायला लावायची. शेवटी वर्गातला तो आगाऊ बर्डली, पक्षी हो, तोही गोठतो. आणि ती सारखी क्रिसकडे बघत असते, हा आवाज तुझा नाही असं वाटून. धाकटीने हे स्वतः केलं नाही, मैत्रिणीने केलेलं बघितलं आणि मध्येच उठून गेली. म्हणजे काय लबाडी बघा टोबीची! सांगतो निवडीने फरक पडत नाही, आणि मग एक दार किंचित उघडं ठेवतो, ज्यातून फक्त वाईटच करता येतं आणि तेही दुसऱ्याच्या हातून. पहिल्या गेममध्ये पाप तुमचं होतं. इथे तुम्ही ते एका घाबरट पोरीच्या माथी मारता. मला विचाराल तर हे जास्त भयंकर आहे.

आणि हे सगळं सुचलं कधी? तापात! २०११ मध्ये कॉलेजात असताना आजारी पडला होता, तेव्हा स्वप्नात या गोष्टीचा शेवट दिसला म्हणे. म्हणजे अंडरटेलच्याही आधी. त्या एका शेवटासाठी माणूस इतकी वर्षं खपतोय. मध्यंतरी मनगटं दुखायला लागली, हातांचा त्रास, कामाला लोक घ्यावे लागले, एकट्याचं कामच नव्हतं हे. पहिले दोन चॅप्टर तरीही फुकट दिले. दुसऱ्याचे पैसे घ्यायचं खरं मनात होतं, पण लोकांचे दिवस वाईट चाललेत म्हणून नको म्हणाला. तिसरा-चौथा आला तो २०२५ मध्ये, आपल्याकडे ४ जूनची रात्र होती, धाकटीचं ताट तसंच झाकून ठेवलं मी. आता २५ डॉलरला आहे, पण एकदा घेतला की पुढचे त्यातच. एकूण सात होणार.

तर आता घराघरात वाद एकच, तो नाइट कोण? अहो तोच, चिलखतातला, जिथे तिथे अंधार उघडत फिरतो. त्या टायरच्या तपासाला आलेल्या अंडाइनलाही उचलून नेलं त्याने, पोलीस असून! धाकटी म्हणते, बेपत्ता झालेली डेस असणार. तिची मैत्रीण म्हणते, महापौरबाई, दुसरं कोण. तिसरी कुणी तर अ‍ॅसगोरचं नाव घेते, मी तिला तिथेच गप्प केलं, त्याच्याबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही म्हटलं. माझा संशय महापौरबाईंवरच आहे. सख्खी मुलगी बेपत्ता आहे आणि ही बाई गावच्या उत्सवाच्या तयारीला लागलीय! आणि चौथ्या चॅप्टरमध्ये त्या घरात गेल्यावर क्रिसला तिथला कोपरान् कोपरा माहीत... थांबा, तुम्ही कुठपर्यंत खेळलात? चर्च झालं का? नाही? मग बाई मी बोलतच नाही. आधी चर्च करून या, दुपारी मी इथेच आहे.